बर्फाच्या समुद्रात जाणारा जॉब हातात आला तर

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘आइस क्लास’ (बर्फाळ समुद्रात चालणाऱ्या जहाजाच्या मजबुतीचा वर्ग) लिहिलेलं दिसलं की प्लेट कापायला घेण्याआधी एकदा नाशिकच्या अंबडला आमच्याकडे या. ड्रॉइंग समजावून देणं आणि प्लेटची इम्पॅक्ट टेस्ट करणं (थंड केलेला नमुना हातोड्याच्या एका फटक्याने तोडून पाहणं), एवढंच आमचं काम.

बर्फाचा भार लाटेसारखा जहाजाच्या अख्ख्या अंगावर पसरत नाही. बाल्टिक समुद्रासाठीच्या फिनलंड-स्वीडनच्या नियमांत सर्वात कडक वर्ग ‘वन ए सुपर’. त्यात बर्फ १ मीटर जाड धरतात, पण भाराचा पट्टा मात्र ३५ सेंटिमीटरच उंच. कारण कडा चुरत जाते, पूर्ण जाडी एकदम टेकत नाही. दाबाचं गणित ५.६ मेगापास्कलपासून सुरू होतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ५७ किलो! म्हणून पाणरेषेजवळ फ्रेम (आतून प्लेटला आधार देणाऱ्या फासळ्या) दाट आणि प्लेट जाड असते. ‘एवढ्या कशाला’ म्हणून त्यातली एकही फ्रेम कमी करू नका.

कडक भाकरी दाबून चुरायला जोर लागतो, वाकवली की कडकन मोडते. बर्फाचंही तेच. म्हणून बर्फफोड्या जहाजाचा पुढचा भाग तिरका असतो, तो बर्फावर चढून त्याला खाली वाकवतो. कॅनडातल्या कॉन्फेडरेशन पुलाच्या (१९९७) खांबांना पाण्याच्या पातळीवर शंकूचा आकार दिलाय तोही याचसाठी. चीनच्या बोहाय उपसागरात १९६९ च्या हिवाळ्यात बर्फाने तेलाचा प्लॅटफॉर्म पाडला होता. त्यामुळे ड्रॉइंगमधला उतार म्हणजे शोभा नव्हे, तो अंशाअंशाने पाळा.

आता पोलाद. निफाडला पारा उतरला की बागायतदार पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात. तुमचा ब्रॅकेट मात्र शून्याच्या कितीतरी खाली काम करणार. ई ग्रेडच्या, म्हणजे कडक थंडीत चालणाऱ्या जहाजी पोलादाच्या, साध्या ताकदीच्या प्लेटची टेस्ट उणे ४० अंशांवर होते. १० बाय १० बाय ५५ मिलिमीटरचा नमुना, मधोमध २ मिलिमीटरची व्ही खाच. ड्राय आइस घातलेल्या अल्कोहोलमधून काढला की ५ सेकंदांत हातोडा पडायलाच हवा. तीन नमुने तोडायला लागलेल्या ऊर्जेची सरासरी किमान २७ जूल.

एका वर्कशॉपने ‘जाडी तीच आहे’ म्हणून ई ग्रेडऐवजी बाजारातली साधी प्लेट वापरली होती. तिचा नमुना काचेसारखा तुटला. तुटलेला भाग साखरेच्या दाण्यांसारखा चमकत होता. चांगला नमुना राखाडी, तंतुमय दिसतो, कडेला ओढल्यासारखा. तो पूर्ण लॉट आम्ही परत पाठवायला लावला आणि आजही तसंच सांगू.

येताना मिल सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा दाखला) आणा, त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा नंबर, प्लेटवरच्या शिक्क्याशी जुळवून. तुकडा गॅसने कापला असेल तर कडेला भरपूर माया ठेवा, तापलेल्या भागातून नमुना निघत नाही. आणि रोलिंगची दिशा (प्लेट कारखान्यात कुठल्या बाजूने लाटली ती) खडूने नको, पंचने मारून आणा. खडू रिक्षातच पुसला जातो.