वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीला, म्हणजे वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला, आठ महिने झालेले असतात. पस्तीस किलो कमी झालेले, गुडघ्यांची कुरकुर थांबलेली, मधुमेहाच्या गोळ्या निम्म्यावर आलेल्या. भेटेल तो कौतुक करत असतो. आणि एक दिवस गिरणीतून आणलेला दळणाचा डबा ओट्यावर ठेवताना हात थरथरतात. गेल्या वर्षी हाच डबा सहज उचलला जात होता.

काट्यावर उभं राहिलं की एकच आकडा दिसतो. त्यात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, हे त्याला कळत नाही. वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात चरबीबरोबर सरासरी आठेक किलो चरबीविरहित भागही जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त पहिल्या तीनच महिन्यांत जातो. हा सगळाच स्नायू नसतो, पाणी आणि इतर ऊतीही त्यात असतात. शिवाय थोडे स्नायू जाणं रीतसरच आहे. एकशे वीस किलोचा माणूस दिवसभर स्वतःलाच उचलत असतो, त्यामुळे त्याच्या मांड्या-पोटऱ्या मुळातच दणकट असतात. ओझं उतरलं की तेवढ्या ताकदीची गरज उरत नाही. प्रश्न येतो तो गरजेपेक्षा जास्त स्नायू गेले तर.

ते जातात का? या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, जठराचा) जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी उरते. सुरुवातीचे काही आठवडे पोटात फारच थोडं जातं. ऊर्जेसाठी शरीराकडे चरबीचं कोठार असतं, पण प्रथिनांचं कोठार असं नसतंच. शरीरातलं प्रत्येक प्रथिन कुठेतरी कामाला लागलेलं असतं. जखम भरायला, रक्त बनवायला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, कमी पडली, की घरखर्चासाठी मुदत ठेव मोडावी तसे स्नायू मोडले जातात.

आपल्याकडे ही ठेव आधीच तुटपुंजी असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र आलं होतं: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून त्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ असं गमतीचं नाव मिळालं. गंमत बाजूला ठेवली तर अर्थ सरळ आहे: तेवढ्याच वजनात आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी. म्हणून पाश्चात्त्य रुग्णाला परवडेल तेवढा स्नायूंचा तोटा आपल्याला परवडेलच असं नाही.

आता ताटाकडे वळू. ऑपरेशननंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. काहींना आदर्श वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत लागतात (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा). ‘मी रोज वरण खाते की!’ हे यावर हमखास येणारं उत्तर. पण वाटीभर पातळ वरणात प्रथिनं पाचेक ग्रॅमच असतात. साठ गाठायला बारा वाट्या लागतील, आणि पोटात एका वेळी एक वाटीही मुश्किलीने मावते! डाळ वाईट नाही, पण या दिवसांत ती भार उचलू शकत नाही.

दोन अंड्यांत १२ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ-दहा, १०० ग्रॅम बांगड्यात वीसच्या आसपास, २५ ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये १३. घरी दही टांगून केलेला चक्का, अर्थात साखर न घालता, दह्याच्या दुपटीहून सरस. व्हे प्रोटीनच्या एका मापात २० ते २५ ग्रॅम मिळतात. पावडर म्हटलं की घरची मोठी माणसं नाक मुरडतात, पण व्हे म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीतलं प्रथिन, दुसरं काही नाही. त्यात ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. स्नायूंच्या पेशींना ‘आता बांधकाम सुरू करा’ असा निरोप मुख्यतः तेच देतं. त्यामुळे दिवसभराची प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळा विभागून घेतलेली बरी.

क्रमही बदलावा लागतो. आपलं पान वरणभातापासून सुरू होतं. इथे भात शेवटी, जागा उरली तर. आधी अंडं, मासा, पनीर. जेवताना शेजारी तांब्या-भांडं ठेवायचं नाही. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट. लग्नातल्या जिलबीचं काय, असं विचाराल तर बायपास झालेल्याला ती फार महागात पडू शकते. साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड, पोटात कळ असं सगळं एकत्र येतं. याला डंपिंग म्हणतात. एकदा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्यांदा सहसा जिलबीकडे वळत नाही.

बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. मुळात शाकाहारी असलेल्यांनी बी-१२ची टाळाटाळ तर अजिबात करू नये.

नुसत्या प्रथिनांनी मात्र स्नायू टिकत नाहीत. विटा आणून टाकल्या म्हणून भिंत उभी राहत नाही, गवंडी लागतोच. इथला गवंडी म्हणजे स्नायूंवर येणारा भार. चालणं उत्तम, ते ऑपरेशनच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, पण चालून दंड, पाठ आणि छाती यांना काही काम मिळत नाही. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या संशोधकांनी बायपास झालेल्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला तीन महिन्यांनंतर वजनं उचलण्याचा आणि चालण्याचा व्यायाम दिला, दुसऱ्याला नेहमीची देखभाल. व्यायाम करणाऱ्यांची ताकद टिकली आणि वाढलीही. मांडीच्या स्नायूंचे आक्रसलेले तंतूही भरून आले.

पोटावरच्या टाक्यांमुळे पहिले चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. मग सर्जनने होकार दिल्यावर खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, पुढे डंबेल. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात, फक्त वजन हळूहळू वाढवत न्यायला हवं. तेच दोन किलोचं डंबेल वर्षभर फिरवण्यात अर्थ नाही. ‘बायकांनी वजनं उचलली की पैलवानासारखं अंग होतं’ ही भीती इथे तर हास्यास्पदच आहे. इतक्या कमी खाण्यावर पहिल्या वर्षी नवा स्नायू चढणं कठीण असतं, आहे तो राखला तरी मोठी कमाई. खरी वाढ होते ती वजन स्थिर झाल्यावर, दुसऱ्या वर्षापासून.

इथे जिममध्ये हमखास ऐकू येणारा एक दावा तपासायला हवा: स्नायू वाढवा, बसल्या जागी चरबी जळेल. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला साधारण १३ किलोकॅलरी वापरतो, एक किलो चरबी साडेचार. म्हणजे पाच किलो स्नायू कमावले तरी रोजचा जादा खर्च ६५, जेमतेम एका पोळीएवढा. मग एवढा खटाटोप कशाला? तर जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेणारं सर्वांत मोठं कोठार स्नायूच आहेत, आणि बायपासनंतर ठिसूळ होऊ शकणाऱ्या हाडांना तेच ताण देतात. आणि अंगात ताकद असलेला माणूस हालचाल जास्त करतो. खरी कॅलरी तिथे खर्च होते.

वजन परत येण्याबद्दल स्वीडनच्या दीर्घ अभ्यासाने चांगला धडा दिला. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के घटलं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येणं ठरलेलंच, त्याला नापास होणं म्हणू नये. चिंता वाटते ती पोळी-भाजी घशाखाली उतरत नाही म्हणून दिवसभर चिवडा, बिस्किटं आणि चहा यांवर निभावणाऱ्यांची. चिवडा लहानशा जठरातूनही सुरळीत उतरतो. अशा खाण्यातून परत येते ती मुख्यतः चरबी. गेलेला स्नायू आपसूक परत येत नाही.

त्यामुळे वजनाच्या वहीत आणखी एक रकाना आखून घ्या. हातांची घडी छातीवर ठेवून साध्या खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठायचं, बसायचं, आणि घड्याळ लावायचं. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायूंची कामगिरी कमी पडते आहे असं धरतात. हा निकष म्हाताऱ्या माणसांसाठी आखलेला आहे. चाळिशीतल्या कुणाला चौदा सेकंद लागले, तर पुढच्या तपासणीला जाताना ती वही बरोबर न्यावी.