शाईला तारीख विचारू नका

प्रयोगशाळेत शाई तपासली की दस्तऐवज कोणत्या दिवशी लिहिला ते कळतं, असा समज मालिकांनी पक्का करून ठेवलाय. तारीख छापून देणारं यंत्र अस्तित्वात नाही. सहीवरून स्वभाव सांगण्यासारखाच हा दावा बिनबुडाचा. शाई खरं काय सांगते, ते मात्र विलक्षण आहे.

कुणी १ चा ७ केला. दोन्ही रेघा डोळ्यांना सारख्याच निळ्या. अवरक्त प्रकाशात पाहिलं की कधी कधी नंतरची रेघ साफ नाहीशी होते, नुसता १ उरतो. दोन्ही दिसत राहिल्या, तर पोकळ सुईने रेघेतून बारीक टिकली काढून द्रावकाच्या थेंबात विरघळवतात आणि त्याचा ठिपका सिलिकाच्या पट्टीवर देतात. पट्टीवर द्रावक चढू लागला की शाईतले रंग एकमेकांपासून सुटतात. दोन शायांचे पट्टे जुळले नाहीत, तर शाया वेगळ्या.

वयाचं कोडं क्रिस्टल व्हायोलेटपाशी सुरू होतं. बॉलपेनच्या बऱ्याच शायांमधला हा जांभळा रंग. मधोमध एक कार्बन, त्याला बेंझिनची तीन कडी, प्रत्येक कड्यावर एक नायट्रोजन आणि प्रत्येक नायट्रोजनवर दोन मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन), एकूण सहा. प्रकाश पडत राहिला की एकेक मिथाइल गळतो आणि तिथे हायड्रोजन येतो. मिथाइलचे १५ गेले, हायड्रोजनचा १ आला, म्हणजे रेणूचं वस्तुमान १४ ने घटलं. रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर मूळ रंगाचं ३७२ चं शिखर खचतं, ३५८ आणि ३४४ ची वाढतात. नव्या शाईतही ३५८ थोडंफार असू शकतं, म्हणून शिखरांचं परस्परांशी प्रमाण पाहावं लागतं. आणि हे घड्याळ चालतं ते उजेडावर. कपाटातल्या बंद फायलीत ते जवळपास थांबतं, उन्हातल्या खिडकीशी धावत सुटतं.

शाईतला फिनॉक्सिइथेनॉल हा द्रावक किती उडाला तेही मोजतात, पण साधारण दोन वर्षांनंतर त्यातून फारसं हाती लागत नाही.

खात्रीचा पुरावा असतो काळाशी न जुळणारा घटक. कॉपर थॅलोसायनिन हे निळं रंगद्रव्य बॉलपेनच्या शाईत १९५० च्या दशकात आलं. १९४५ ची तारीख घातलेल्या पत्रातल्या बॉलपेनच्या शाईत ते सापडलं, की पत्र खोटं. १९८३ मध्ये हिटलरच्या तथाकथित डायऱ्यांचं बिंग असंच फुटलं: कागदात महायुद्धानंतर वापरात आलेलं शुभ्रकारक रसायन होतं. त्याआधी हस्ताक्षरतज्ज्ञांनी त्या अस्सल ठरवल्या होत्या, कारण तुलनेला दिलेले काही नमुनेही डायऱ्या रचणाऱ्या कोनराड कुजाऊनेच लिहिलेले होते.