कॅमेऱ्याचा उंबरठा कोण ठरवतो?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवायचा ठराव आला. घरकामाला येणाऱ्या बायका, दूधवाले, गाड्या धुणारी मुलं, सगळ्यांचे फोटो त्यात भरायचे आणि कॅमेऱ्याने ओळखलं तरच गेट उघडायचं. विकायला आलेला माणूस म्हणाला, "साहेब, नव्व्याण्णव टक्के अचूक आहे." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. शंभरात नव्व्याण्णव म्हणजे आपल्याला बोर्डातला पहिला नंबर वाटतो. मला हा आकडा स्वस्थ बसू देईना. कृत्रिम बुद्धिमत्ता जबाबदारीने वापरा असं सगळेच सांगतात, पण ती जबाबदारी नेमकी कुठे असते हे पाहायचं तर या आकड्याच्या आत शिरावं लागतं.

कॅमेरा आपल्यासारखा चेहरा ओळखत नाही. तो चेहऱ्याचे आकडे करतो. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या 'फेसनेट' पद्धतीत एका चेहऱ्याचे १२८ आकडे होतात. शाळेत आलेखाच्या कागदावर दोन आकड्यांनी एक बिंदू ठरायचा, तसा इथे १२८ अक्षांच्या अवकाशात एक बिंदू ठरतो. हे आकडे कोणते असावेत हे यंत्राला कुणी सांगत नाही. शिकवताना त्याला तीन-तीन फोटो दाखवतात: दोन एकाच माणसाचे, तिसरा दुसऱ्या कुणाचा. पहिल्या दोघांचे बिंदू जवळ ओढायचे, तिसऱ्याचा लांब ढकलायचा. लक्षावधी फोटोंवर ही ओढाढकल चालली की हळूहळू एका माणसाचे सगळे बिंदू, चष्म्यातले, दाढीतले, हसतानाचे, एका घोळक्यात येऊन बसतात. मला हे अजूनही विलक्षण सुंदर वाटतं.

पण यातून 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येत नाही, हे नीट लक्षात घ्या. उत्तर येतं ते दोन बिंदूंमधल्या अंतराचं, म्हणजे दोन फोटो किती सारखे आहेत याचं. एकाच माणसाच्या फोटोंच्या हजारो जोड्या घेऊन त्यांच्या सारखेपणाचा आलेख काढला तर एक टेकडी दिसते. वेगवेगळ्या माणसांच्या जोड्यांची दुसरी टेकडी, कमी सारखेपणाच्या बाजूला. दोघींचे पायथे एकमेकींत थोडे शिरलेले असतात. म्हाताऱ्या आजीचा जुना फोटो आणि आजचा चेहरा या शिरलेल्या भागात येतात, आणि दोन सख्ख्या बहिणीही तिथेच येतात. आता कुठेतरी एक रेघ मारावी लागते. रेघेच्या वरचे 'तोच माणूस', खालचे 'दुसरा'. ही रेघ म्हणजे उंबरठा. तो वर उचलला तर परका माणूस आत येणार नाही, पण घरचा माणूस बाहेर अडकेल. खाली आणला तर घरचे सगळे आत येतील, आणि त्यांच्यासोबत एखादा परकाही येईल. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करता येतील अशी जागा नसते. टेकड्या कशा पडल्या हे यंत्राचं काम. रेघ कुठे मारायची हे माणूस ठरवतो. 'नव्व्याण्णव टक्के' म्हणणाऱ्याने यातली कोणती चूक मोजली, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं होतं की ८० टक्क्यांहून जास्त सारखेपणा असेल तर ते जुळणी झाली असं धरतात. ८० टक्के सारखेपणा म्हणजे तोच माणूस असण्याची ८० टक्के शक्यता नव्हे. शक्यता उंबरठ्यावर अवलंबून असते, तशीच ती किती जणांमध्ये शोधलं यावरही अवलंबून असते. समजा दोन परक्या चेहऱ्यांची चुकून जुळणी होण्याचं प्रमाण दहा लाखांत एक आहे. फारच उत्तम यंत्र. आता दहा लाख फोटोंच्या साठ्यात अशा एका माणसाचा फोटो शोधायला टाका जो त्या साठ्यात नाहीच. कुणीतरी 'सापडण्याची' शक्यता ६३ टक्के येते, कारण प्रत्येक तुलना म्हणजे चुकण्याची एक बारीकशी संधी, आणि अशा संधी दहा लाख.

गर्दीत हे आणखी बिघडतं. स्टेशनातून दिवसात एक लाख माणसं गेली, त्यात हवे असलेले १० जण. यंत्राने १० पैकी ९ पकडले आणि निरपराधांपैकी शंभरात एकालाच चुकून हटकलं, तरी इशारे वाजतील सुमारे १,००९ आणि त्यातले १,००० खोटे. हे फक्त कागदावरचं गणित नाही. २०१७ मध्ये वेल्सच्या कार्डिफमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याच्या वेळी पोलिसांच्या यंत्रणेने २,४७० इशारे दिले. त्यातले २,२९७ चुकीचे निघाले.

या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या. अनेकींमध्ये आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या लोकांची चुकीची जुळणी गोऱ्यांच्या तुलनेत १० ते १०० पट जास्त होत होती. चीनमध्ये बनवलेल्या काही प्रणालींत मात्र पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत हा फरक दिसला नाही. म्हणजे ज्या चेहऱ्यांवर ओढाढकल झाली, तेच नीट वेगळे होत असावेत. डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला बायको-मुलींसमोर बेड्या पडल्या. घड्याळांच्या चोरीच्या धूसर चित्रफितीशी त्याच्या वाहन परवान्याचा फोटो यंत्राने जुळवला होता. चोर तो नव्हता. २०२४ च्या तडजोडीत पोलिसांना मान्य करावं लागलं की केवळ अशा जुळणीवर अटक करता येणार नाही.

आपल्याकडे उलटी चूक जास्त बोचणार आहे. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार देताना चेहऱ्याची पडताळणी बंधनकारक झाली. इथे शोध लाखोंमध्ये नाही, एकीचा चेहरा तिच्याच नोंदीतल्या फोटोशी ताडायचा आहे. पण आधारचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा, बाई आता बाळंतपणाने उतरलेली, खोलीत अंधार, सेविकेच्या हातात साधा फोन. सारखेपणा उंबरठ्याखाली घसरला तर आहाराची पाकिटं तिच्या पिशवीत पडत नाहीत. अटकेच्या कामातला उंबरठा उंच हवा, आहाराच्या कामातला खाली, आणि यंत्र 'नाही' म्हणालं तरी सेविकेला 'हो' म्हणता आलं पाहिजे.

चेहऱ्यावरून प्रामाणिकपणा किंवा मनातला हेतू सांगतो म्हणणारी ॲप्सही आता विकली जातात. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या लोम्ब्रोसो या डॉक्टरने कवटी आणि जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा दावा केला होता, तो विज्ञानाने केव्हाच टाकून दिला. मुखसामुद्रिक, म्हणजे चेहऱ्यावरून स्वभाव सांगणं, संगणकात घातलं म्हणून ते खरं होत नाही. युरोपीय संघाने नोकरीच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय किंवा सुरक्षेची कारणं वगळता. ते मला पूर्णपणे पटतं.

सभेत मी त्या विक्रेत्याला तीन गोष्टी विचारल्या. उंबरठा किती ठेवला आहे, तो कोण बदलू शकतं, आणि काम सुटल्यावर बाईंचा फोटो कधी पुसला जातो. पहिल्याचं उत्तर "कंपनी सेटिंग" असं आलं, बाकी दोन्हींसाठी तो फोन करून सांगणार आहे. तोवर ठराव पुढे ढकलला. नंतर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सगळ्यांना विचारलं, "ज्यांचे फोटो घ्यायचेत त्यांना कुणी विचारलंय का?" कुणीच विचारलं नव्हतं. पुढची सभा रविवारी सकाळऐवजी दुपारी चारला ठेवली आहे, तेव्हा बायकांची कामं उरकलेली असतात.