खोती आणि आंबेडकरांचा शेतीविषयक अर्थविचार

कोकणातील, मुख्यतः रत्नागिरी व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील, खोती या जमीनमहसूल पद्धतीच्या चर्चेवर डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या अर्थशास्त्रीय व राजकीय विचारांचा पडलेला प्रभाव. त्यांचे मूळ गाव आंबडवे (ता. मंडणगड) याच टापूतले.

खोत गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून बहुधा धान्यरूपाने वसुली करी : भाताचा अर्धेल (निम्मा वाटा), वरकस म्हणजे डोंगरउतारावरील हलक्या पिकाचा तिर्धेल (तिसरा वाटा). उभ्या पिकाची अभावणी (उत्पन्नाचा अंदाज बांधणे) आणि वेठ (बिनमोबदला काम) ही कुळांची जुनी गाऱ्हाणी.

खोतीचा उगम वादग्रस्त आहे. आदिलशाहीत, बहुधा सोळाव्या शतकाच्या आरंभी, दाभोळ सुभ्यातील ओसाड गावे लागवडीस आणण्यासाठी खोत नेमले गेले, असे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांचे सर्वसाधारण मत होते. पुढे मराठेशाहीत हा हक्क वंशपरंपरेने चालू लागला, गहाण पडू लागला, विकला जाऊ लागला आणि भाऊबंदांत त्याच्या वाटण्या होऊ लागल्या. यावरून दोन पक्ष पडले. खोत हा मुळात महसुलाचा मक्तेदार, जमिनीचा धनी नव्हे, असे एक पक्ष म्हणे. मुरूडचे (ता. दापोली) विधिज्ञ विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–८९) यांनी खोतांची बाजू हिरिरीने मांडली, त्यांच्या मते खोत हे वतनी हक्काचे मालकच. सगळ्या गावांतील खोती एकाच रीतीने जन्मली असे धरून चालल्यामुळे हा वाद अकारण ताणला गेला असावा. ओसाड गाव वसवणारा खोत आणि वसत्या गावाचा मक्ता घेणारा खोत हे वेगवेगळे असू शकतात. एकूण पाहता मक्तेदारीचे मत अधिक सयुक्तिक वाटते, मात्र दीर्घ वहिवाटीने हक्क पक्के झाले होते हेही नाकारता येत नाही. १८८० च्या खोती कायद्याने खोत व कुळे यांच्या हक्कांची प्रतवारी लावली. मूळ वाद मिटला नाही.

आंबेडकरांनी या वादाला बगल दिली, आणि त्यांच्या प्रभावाचे मर्म तेच आहे. भारतातील लहान धारणक्षेत्रांवरील (शेतकऱ्यांकडील लहान जमिनींवरील) त्यांचा निबंध १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी कृषी अधिकारी कीटिंज, अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स आदींच्या तुकडेजोडीच्या (विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या) उपायांची चिकित्सा केली. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, ते भांडवल व श्रम यांच्याशी असलेल्या प्रमाणावर ठरते. जमिनीवर साचलेले जादा मनुष्यबळ उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय गत्यंतर नाही, असे त्यांचे प्रतिपादन. निबंध कोकणावर नाही. तरी मुंबईच्या गिरणीतल्या मनीऑर्डरीवर चूल पेटवणाऱ्या कोकणी घरांना तो जितका लागू पडतो तितका क्वचितच कुठे पडत असेल.

स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना (१९३६) केल्यावर त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतास वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यास रयतवारीप्रमाणे (मध्यस्थाविना सारा भरण्याच्या पद्धतीप्रमाणे) सरकारशी थेट जोडावे, असा त्याचा आशय होता. भरपाई देऊ केल्यामुळे ‘मालक कोण’ हा शंभर वर्षांचा प्रश्न बाजूला पडला आणि चर्चा कुळाच्या स्थितीवर आली. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांत नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ पासून जमिनी कसणे बंद केले होते. त्या संपालाही आंबेडकरांचा पाठिंबा होता.

निबंध आणि विधेयक यांचा थेट संबंध काही अभ्यासक जोडतात. तो बेताने जोडावा : १९१८ चे आंबेडकर उत्पादनक्षमतेविषयी बोलतात, १९३७ चे कुळाच्या हक्काविषयी. १९४७ च्या संविधानविषयक निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग असावा अशी मागणी येते. ती तर कसणाऱ्याला मालक करण्याच्याही पुढची आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे समग्र लेखन खंडशः प्रसिद्ध केल्यावर हे टप्पे एकत्र वाचणे सुकर झाले.

विधेयक संमत झाले नाही. त्या वेळचे मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर हे रत्नागिरीचेच. खोती नाहीशी करणारा १९४९ चा कायदा त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत झाला व १९५० मध्ये अमलात आला. खोती खासगी, म्हणजे खोताच्या स्वतःच्या ताब्यातील, जमीन मात्र त्याने खोतांकडेच ठेवली. तिच्यावरील कुळांचा प्रश्न १९४८ च्या कुळकायद्याकडे आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाकडे (कुळे कायद्याने मालक मानली गेली तो दिवस) गेला.