गॅग रूल

गॅग रूल (मुस्कटदाबीचा नियम) : गुलामगिरीविषयीचे नागरिकांचे विनंतिअर्ज चर्चेला येऊच नयेत, यासाठी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने १८३६ ते १८४४ या काळात केलेले ठराव व नियम. हे नाव विरोधकांनी रूढ केले.

उगमाबाबत एकमत नाही. काही अभ्यासक तो डिसेंबर १८३५ मध्ये शोधतात. कोलंबिया जिल्ह्यातील (राजधानी वॉशिंग्टनचा प्रदेश) गुलामगिरी रद्द करण्याचे अर्ज दाखलच करून घेऊ नयेत, अशी मागणी साउथ कॅरोलायनाच्या जेम्स हॅमंड यांनी तेव्हा केली होती. परंतु त्या रूपात ती मान्य झाली नाही. म्हणून २६ मे १८३६ ही तारीख अधिक ग्राह्य वाटते. त्या दिवशी हेन्री पिंकनी यांच्या समितीचा ठराव ११७ विरुद्ध ६८ मतांनी संमत झाला. दोहोंतला भेद महत्त्वाचा आहे. पिंकनी ठरावानुसार अर्ज घेतला जाई, पण तो न छापता, समितीकडे न पाठवता पटलावर ठेवून तिथेच संपवला जाई. शिवाय तो ठराव असल्याने अधिवेशनागणिक नव्याने करावा लागे. २८ जानेवारी १८४० रोजी ११४ विरुद्ध १०८ अशा निसटत्या बहुमताने कायम नियम झाला आणि अर्ज स्वीकारणेच बंद झाले. हॅमंड यांना हवे होते ते चार वर्षांनी मिळाले. सेनेटमध्ये असा लेखी नियम नव्हता; तिथे अर्ज स्वीकारण्याचा प्रश्नच पटलावर ठेवण्याचा प्रघात पडला.

विरोधाची धुरा माजी राष्ट्राध्यक्ष आणि तेव्हा प्रतिनिधिगृहाचे सदस्य असलेले जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी वाहिली. फेब्रुवारी १८३७ मध्ये त्यांनी सभापती पोक यांना विचारले : बावीस गुलामांचा म्हणवणारा एक अर्ज माझ्यापाशी आहे, तो या नियमात बसतो का? दक्षिणी (गुलामगिरी असलेल्या राज्यांचे) सदस्य खवळले, अ‍ॅडम्स यांच्या निषेधाचे ठराव आले; मग अ‍ॅडम्स यांनी सांगितले, की अर्जातली मागणी गुलामगिरी रद्द करण्याच्या विरुद्धच आहे. १८४२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील हेवरहिल गावचा संघराज्य विसर्जित करण्याचा अर्ज मांडल्याबद्दल पुन्हा निषेधाचा घाट घातला गेला, तोही फसला.

अर्जांवर स्त्रियांच्या सह्या फार मोठ्या संख्येने असत. मताधिकार नसलेल्या या बायका दारोदार फिरून सह्या गोळा करीत. राजकारणात शिरण्याची त्यांना एवढीच वाट होती, आणि नियमाने तीच अडवली.

नियमामुळे उत्तरेकडील जनमत गुलामगिरीविरुद्ध गेले, असे पूर्वी सरसकट मानले जाई. गुलामांच्या प्रश्नाशी गोऱ्या नागरिकांचा स्वतःचा अर्जाचा घटनादत्त हक्क जोडला गेला, हे मर्यादित प्रतिपादन अधिक पटणारे आहे. ३ डिसेंबर १८४४ रोजी अ‍ॅडम्स यांच्याच प्रस्तावावर १०८ विरुद्ध ८० मतांनी नियम रद्द झाला. त्या दिवशीच्या रोजनिशीत त्यांनी परमेश्वराचे आभार मानले आहेत.