ससा एक सांगतो, ‘व्हीगन’ दुसरंच

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला लिपस्टिकच्या खोक्याचा फोटो पाठवतं. सशाच्या चित्राभोवती बोटाने लाल गोल काढलेला असतो आणि खाली प्रश्न: “व्हीगन म्हणून ही चालेल ना? ससा आहे.” हा ससा म्हणजे ‘क्रुएल्टी-फ्री’चा, प्राण्यांवर चाचणी न केल्याचा शिक्का. माझं उत्तर ठरलेलं आहे, मागची बाजू पाठव. मागे, डोळ्यांची परीक्षा घेणाऱ्या अक्षरांत, यादीच्या शेपटाकडे बऱ्याचदा ‘सीआय ७५४७०’ असं काहीतरी सापडतं. हे कार्माइन. निवडुंगावर जगणारे कोचिनील किडे वाळवून त्यांच्यापासून काढलेला लाल रंग. पाउंडभर रंगाला साधारण ७०,००० किडे लागतात.

सशाने फसवलेलं नाही. किड्यांचा विषय त्याच्याकडे नव्हताच.

‘व्हीगन’ म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीही नसलेलं, यापलीकडे इथे वेळ घालवत नाही. हे वाचणाऱ्याला दूध, मध, जिलेटिन कुठे लपलेलं असतं ते पाठ असणार. ताटाबाहेरही नियम तोच आहे, फक्त नावं वेष बदलून येतात. ‘सेरा अल्बा’ म्हणजे मधमाश्यांचं मेण, ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे चरबीचा साबण, लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला तेलकटपणा. नेलपॉलिशमधली मोतिया चमक ग्वानिनची असेल तर ती माशांच्या खवल्यांतून आलेली असू शकते. आठ-दहा नावं लक्षात ठेवली की बरंचसं काम होतं. थोडक्यात, ‘व्हीगन’ हा शब्द डबीच्या आत काय आहे ते सांगतो.

‘क्रुएल्टी-फ्री’ मात्र आत काय आहे ते सांगतच नाही. डबी बाजारात येण्याआधी प्रयोगशाळेत काय झालं, एवढंच तो सांगतो. काही जण त्याचं ‘क्रौर्यमुक्त’ असं भाषांतर करतात तेव्हा माझं डोकं फिरतं. मराठीत ‘क्रौर्यमुक्त’ वाचल्यावर कुणालाही वाटणार, या वस्तूपायी एकाही जिवाला त्रास झालेला नाही. एवढा मोठा दावा त्या शिक्क्याने कधी केलेलाच नव्हता. ‘प्राणीचाचणीमुक्त’ म्हणा. कानाला खडबडीत लागेल, पण खरं असेल.

हा अर्थ इतका अरुंद का, ते त्याच्या जन्मात आहे. १९४४ साली जॉन ड्रेझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने सशांवरच्या एका चाचणीची पद्धत मांडली. पदार्थ सशाच्या डोळ्यात टाकायचा आणि पुढचे काही दिवस लाली, सूज, बुबुळावरचा धुरकटपणा यांना गुण देत बसायचं. (‘व्हीगन’ हा शब्दही १९४४ मध्येच ब्रिटनमध्ये जन्मला. निव्वळ योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.) पुढे १९८० मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन याच चाचणीवरून रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीला जाब विचारला आणि प्रसाधनांवरच्या प्राणीचाचण्या हा चारचौघांत बोलायचा विषय झाला. शिक्क्यावर ससा का आला, हे वेगळं सांगायला नको. तो त्या डोळ्यांसाठी आहे, मधमाशीसाठी किंवा मेंढीसाठी नाही.

आता खरी मेख. चाचणी झाली नाही, असं म्हणताना नेमकी कशाची आणि कुणी केली नाही? ‘हे उत्पादन प्राण्यांवर तपासलेलं नाही’ हे वाक्य तयार क्रीमबद्दल बोलतं. त्यात पडलेला एखादा नवा घटक महिनाभरापूर्वी तपासला गेला असला, तरी वाक्य खरंच राहतं. ‘आम्ही चाचण्या करत नाही’ हे त्याहून हुशार. आम्ही नाही, पण कच्चा माल पुरवणारा करतो, किंवा आमच्या पैशांवर बाहेरची प्रयोगशाळा करते. आणि तिसरं, माझं सगळ्यात नावडतं: ‘कायद्याने आवश्यक असेल तेवढं वगळता’. चीनमध्ये आयात केलेल्या प्रसाधनांना वर्षानुवर्षं प्राणीचाचणी सक्तीची होती. १ मे २०२१ पासून साध्या प्रसाधनांना अटींवर सूट मिळाली. तोवर त्या बाजारात दुकान मांडायचं आणि इकडे खोक्यावर ससा मिरवायचा, ही कसरत याच अर्ध्या वाक्यावर चालायची.

‘पण युरोपात तर बंदी आहे’, असं यावर कुणीतरी म्हणतंच. आहे. तयार मालाच्या चाचणीवर २००४ पासून, घटकांच्या चाचणीवर २००९ पासून आणि चाचणी केलेला माल विकण्यावर २०१३ पासून. मात्र ही बंदी प्रसाधनांच्या कायद्यातली आहे. तोच घटक ‘रसायन’ म्हणून कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेच्या नियमांत शिरला, की चाचणी मागता येते. २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने अशाच एका प्रकरणात ती मागणी उचलून धरली. त्यामुळे ‘युरोपात बनलंय’ एवढ्यावर मी कुणालाही हो म्हणत नाही.

शिवाय जुना असा जवळपास प्रत्येक घटक कधी ना कधी कुठल्यातरी प्राण्यावर तपासला गेलेला आहे. त्याला इलाज नाही. म्हणून १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘लीपिंग बनी’सारख्या, सशाचा शिक्का देणाऱ्या योजना कंपन्यांकडून एक तारीख ठरवून घेतात: या दिवसानंतर आमच्याकडून नाही, पुरवठादाराकडून नाही, आमच्या सांगण्यावरून इतर कुणाकडूनही नाही. आणि त्याची बाहेरून तपासणीही कंपन्यांकडून मान्य करून घेतात. बाकी ससा काय, चित्रकाराला सांगितलं की तो कुठल्याही खोक्यावर काढून मिळतो. अमेरिकेत ‘क्रुएल्टी-फ्री’ या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही.

गोंधळ उलट बाजूनेही होतो आणि मला तो जास्त खटकतो. पुढे ठळक ‘१०० टक्के व्हीगन’, आत खरोखर प्राणिजन्य काही नाही, आणि कंपनी चाचण्यांबद्दल चकार शब्द काढत नाही. व्हीगन सोसायटी या ब्रिटिश संस्थेचं सूर्यफुलाचं चिन्ह असेल तर गोष्ट वेगळी, त्यांच्या अटींत चाचणीही येते. नुसता छापलेला शब्द मात्र फक्त घटकांपुरता धरायचा. ‘नॅचरल’चं तर बोलूच नका. मधमाशीचं मेणही नॅचरलच असतं.

दोन्ही शिक्के असतील तर उत्तम, प्रश्नच मिटला. एकच मिळत असेल तर लोक डोळे झाकून ‘व्हीगन’ उचलतात. मी बाहेरून तपासलेला ससा उचलते, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. घटकांची यादी मागे छापलेली असते, ती मी स्वतः वाचू शकते. प्रयोगशाळेत काय झालं ते कुठेच छापलेलं नसतं, तिथे कुणाच्या तरी तपासणीवर विसंबावंच लागतं. या हिशोबाला एक भोक आहे: ग्लिसरीन आणि स्टिअरिक अ‍ॅसिड. दोन्ही वनस्पतींतून निघतात आणि चरबीतूनही, लेबलवर नाव मात्र एकच. तेवढ्यापुरतं कंपनीला ईमेल टाकायचं. गुळमुळीत उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजायचं.

मालक कंपनी चाचण्या करते पण तिचा हा छोटा ब्रँड करत नाही, मग घ्यायचं का? घ्या. मी घेते. यावर रात्र जागवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही.

औषधांना मात्र यातली कुठलीही फूटपट्टी लावू नका. तिथे ससा शोधणं व्यर्थ, कारण प्राण्यांवरचे प्रयोग हा औषध मंजुरीच्या वाटेचा भाग राहिलेला आहे. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशी सोय आहे, ती अशाच वेळेसाठी. जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी गोळी मिळेल का, एवढं डॉक्टरांना विचारायचं. नसेल तर कॅप्सूल घ्यायची आणि बरं व्हायचं.

आणि हो, मीही दोन वर्षं एक लिप बाम वापरत होते. झाकणावर ससा होता, तेवढ्यावर मी निवांत. एकदा प्रवासात वाचायला काहीच नव्हतं म्हणून ट्यूब उलटी केली. यादीत दुसऱ्याच क्रमांकाला नाव: सेरा अल्बा. ट्यूब अर्धी भरलेली होती. फेकून मेण काही पोळ्यात परत जाणार नव्हतं, म्हणून मी ती तळापर्यंत संपवली आणि पुढची आणताना आधी मागची बाजू वाचली.