प्रेमकथेतले घर : मराठी कादंबरीची पार्श्वभूमी

प्रेमकथेत इतिहास, पुराण किंवा रहस्य मिसळले की ती अस्सल राहत नाही, असा आक्षेप आजही घेतला जातो. प्रेमकथा लिहिणारी म्हणून मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो, कारण मराठीत प्रेमकथा जन्मली तीच सरमिसळीतून. आणि त्या सरमिसळीचे मूळ लेखकांच्या हौसेपेक्षा त्यांच्या घरांच्या रीतिभातींत अधिक होते.

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाली. राजे, कारस्थाने, ताटातुटी आणि अद्भुत योगायोग यांनी भरलेल्या या कथांना पुढे समीक्षकांनी बरीच नावे ठेवली. परंतु रिसबूडांनी प्रस्तावनेतच आपली अडचण स्पष्ट केली होती. आपल्याकडच्या विवाहाच्या चालीमुळे आणि इतर काही कारणांमुळे रोजच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडत नाही, म्हणून चित्तवेधक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय घ्यावाच लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होणार, आणि त्यानंतर एकत्र कुटुंबात नवऱ्याशी दिवसाढवळ्या चार शब्द बोलणेही अमर्याद ठरणार, अशा घरात प्रेमाचे कथानक उभे तरी कोठे करायचे? ते राजवाड्यात आणि अरण्यात गेले, यात मला पळवाट दिसत नाही.

घराचा उंबरा ओलांडून प्रेमाला आत आणले ते हरि नारायण आपटे यांनी. ‘करमणूक’ हे साप्ताहिक त्यांनी १८९० मध्ये सुरू केले आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूने सांगितलेली ही आत्मकथा सामाजिक कादंबरी म्हणून शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिच्या मध्यभागी यमू आणि रघुनाथराव यांचा मुंबईतला संसार आहे आणि तो भाग माझ्या मते मराठीतली पहिली खरी घरगुती प्रेमकथा आहे. पुण्याच्या घरातल्या डोळ्यांपासून दूर, वेगळ्या बिऱ्हाडात नवरा बायकोला शिकवतो, दोघे मिळून वाचतात आणि मनातले बोलतात. एवढ्याशा गोष्टींत त्या काळच्या वाचकाला केवढे धाडस दिसले असेल! रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर यमूला पुन्हा त्याच घराच्या ताब्यात जावे लागते आणि शंकरमामंजी तिचे सक्तीने केशवपन करवतात. ज्या घरात हे प्रेम फुलू शकत नाही, तेच शेवटी त्याचा सूड घेते.

पुढच्या चाळीस वर्षांत स्त्रीशिक्षण वाढले आणि १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा केले. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांतले सुशिक्षित, मोकळेपणाने भेटणारे तरुण-तरुणी या बदलाशिवाय संभवलेच नसते. फडक्यांच्या तंत्राविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून येथे थांबत नाही.

मला अधिक मोलाचे वाटते ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’. १९३३ च्या या कथासंग्रहाने मोठे वादळ उठवले. त्यातल्या एका कथेचे नावच ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ असे आहे. मुलगी शिकली, मिळवती झाली आणि तिच्या पगारावर माहेर चालू लागले, की तिचे स्वतःचे घर आणि तिचे प्रेम दोन्ही लांबणीवर पडतात, हा प्रश्न त्यांनी थेट मांडला. १९३५ च्या ‘विरलेले स्वप्न’साठी तर त्यांनी रोजनिशीचे रूप निवडले. घरात जे मोठ्याने बोलता येत नाही, ते सांगायला त्यांना त्या रूपाचा उपयोग झाला.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये आली. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, त्यामुळे पुराणकथेला आत्मनिवेदनाचे आणि कौटुंबिक कादंबरीचे वळण मिळते. नहुषाची मुले कधीही सुखी होणार नाहीत, हा शाप त्या कुटुंबावर आहे. थोरला भाऊ यति घर सोडून जातो आणि धाकटा घरात राहूनही कोणाचा होत नाही. पुराणाचा आधार नसता तर बापाची वासना आणि मुलाचे तारुण्य समोरासमोर ठेवणे त्या काळात खांडेकरांना किती झेपले असते, याची मला शंका आहे.

सुहास शिरवळकर यांची वाट वेगळी होती. रहस्यकथांवर हात बसलेल्या या लेखकाने १९८२ मध्ये ‘दुनियादारी’ लिहिली. तिच्यातला श्रेयस आईवडिलांमधल्या दुराव्याचे ओझे घेऊन पुण्यात येतो, आणि कॉलेजच्या कट्ट्यावरची मित्रमंडळी त्याचे खरे घर बनतात. आईच्या भूतकाळाचा उलगडा कथानकात हळूहळू होत जातो. वाचकाची उत्कंठा कोठे ताणायची आणि कोठे सैल सोडायची, हे शिरवळकर रहस्यकथा लिहूनच शिकले होते.